छायेच्या लेकीच्या काठी

शाळेच्या कंपासपेटीत दोन वस्तू अशा असतात, की वर्ष संपलं तरी त्यांचं नवेपण जात नाही. कर्कटकाचं टोक बोथट होतं, पट्टीच्या कडेला दात पडतात, कंपासातली पेन्सिल झिजून थोटूक होते. दोन गुण्ये मात्र तळाशी जसेच्या तसे पडून असतात. एक ४५ अंशांचा, दुसरा ३०-६० अंशांचा. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरतेला मावसभावाकडे गेलो होतो. आठवीतली पुतणी पेटी आवरत बसली होती. "काका, हे दोन कशाला देतात? बाईंनी कधी बाहेर काढायलाच लावले नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, "यांच्यात दिवसाचे तास आहेत. उद्या गच्चीवर चल, काढून दाखवतो."

मावसभाऊ उधन्याला राहतो. लूमवर बारा तासांची पाळी करतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जिन्यातून वर जाताना तीन मजल्यांवर तीन वेळा अहिराणी कानावर पडते. अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबारकडची माणसं तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने इथे उतरली आणि राहिली. महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यम आहे, ते त्यांच्याच मुलांसाठी. इथले गुजराती शेजारी गच्चीला 'धाबुं' म्हणतात आणि खानदेशात सपाट मातीच्या छपराचं घर म्हणजे 'धाब्याचं घर'. गाव सुटलं तरी धाबं काही सुटलं नाही. आमच्या सावलीच्या घड्याळाला तेवढंच हवं होतं: मोकळं, सपाट, दिवसभर उन्हाचं धाबं.

दोन गुण्ये, चोवीस तास

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५. आता गुण्ये घ्या. ४५ मधून ३० वजा केले की १५. पुढचे ३०, ४५, ६० तर गुण्यांच्या कोपऱ्यांतच आहेत. ४५ आणि ३० शेजारी ठेवले की ७५, आणि काटकोन दोघांच्याही अंगी. सकाळच्या सहापासून संध्याकाळच्या सहापर्यंतचा प्रत्येक तास या दोन पारदर्शक त्रिकोणांत बसलेला आहे. हे दाखवल्यावर पुतणीने ते उलटसुलट ठेवून स्वतः पडताळून पाहिलं आणि मग ती वहीत लिहायला लागली.

घड्याळाची तबकडी विषुववृत्ताला समांतर, म्हणजे तिरकी बसवली असती, तर काम इथेच संपलं असतं. १५-१५ अंशांवर रेघा मारायच्या आणि मधोमध पृथ्वीच्या आसाला समांतर काठी रोवायची. सवाई जयसिंगाच्या सम्राट यंत्राचं तत्त्व हेच. जयपूरच्या त्या यंत्राची भिंत २७ मीटर उंच आहे आणि तिची उतरण जयपूरच्या अक्षांशाइतकी, जवळपास २७ अंशांची. जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना उज्जैनलाही वेधशाळा उभी राहिली. ती पडझडीला आली, तेव्हा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला. त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाचा ध्यास होता आणि वेधशाळेची देखरेखही पुढे त्यांच्याकडेच आली.

आमच्याकडे दगडी भिंत नव्हती, ड्रॉइंगशीट होता. तो गच्चीवर सपाट अंथरायचा होता. सपाट जागेवर तास सारखे पडत नाहीत. दुपारी ते दाटीवाटीने उभे राहतात आणि सकाळ-संध्याकाळी पांगतात. किती दाटायचं आणि किती पांगायचं, हे गाव ठरवतं.

हे काढायला गणिताचं पुस्तक लागत नाही. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारली. ही बाराची, म्हणजे मध्यान्हरेषा. तिच्या खालच्या टोकाला 'म' बिंदू, त्याच्या वर १० सेंटिमीटरवर 'क'. 'म'पाशी सुरतेच्या अक्षांशाइतका कोन करून एक तिरकी रेघ मारली आणि 'क'पासून तिच्यावर गुण्याने लंब टाकला. तो भरला ३.६ सेंटिमीटर. तेवढंच अंतर कंपासात धरून 'क'च्या वर मध्यान्हरेषेवर खूण केली, तो 'ख'. 'क'मधून कागदाच्या दोन्ही कडांपर्यंत आडवी रेघ ओढली. मग 'ख'पाशी गुण्ये लावून मध्यान्हरेषेच्या दोन्ही बाजूंना १५, ३०, ४५, ६०, ७५ अंशांच्या रेघा त्या आडव्या रेघेला भिडेपर्यंत नेल्या. त्या जिथे भिडल्या ते बिंदू 'क'पासून साधारण १, २.१, ३.६, ६.३ आणि १३.५ सेंटिमीटरवर आले. शेवटी पट्टी लावून प्रत्येक बिंदू 'म'ला जोडला. डावीकडे अकरा, दहा, नऊ, आठ, सात. उजवीकडे एक, दोन, तीन, चार, पाच. 'म'मधूनच जाणारी आडवी रेघ दोन्ही सहांची. उन्हाळ्यात सूर्य सहाच्या आधी उगवतो, म्हणून संध्याकाळच्या पाचची रेघ 'म'च्या पलीकडे मागे वाढवली. तीच पहाटे पाचची.

गोल घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात, त्याच दिशेने आमचे आकडे लागले होते. पुतणीने ते आधी ओळखलं. उत्तर गोलार्धात सावली याच अंगाने वळते.

पलभा

मध्ये एक अडचण आली होती. सुरतेचा अक्षांश २१.१७ अंश. "काका, कोनमापकावर एकवीसच्या पुढचं कसं दाखवायचं?" पुतणीने विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि या शहरात तर जास्तच. इथे हजारो हात रोज हिऱ्याचे पैलू घासतात आणि अर्ध्या अंशाच्या फरकाने खड्याचं तेज जातं.

याचं उत्तर आपल्या पंचांगांत आहे. त्याचं नाव पलभा. विषुवदिनी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या दिवशी, १२ अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची सावली किती अंगुळं पडते, ती त्या गावची पलभा. प्रत्येक गावाला आपली पलभा. उज्जैनची पाच अंगुळांच्या किंचित वर, सुरतेची ४.६५. अंश-कला न सांगता, गाव पृथ्वीच्या पाठीवर उत्तरेला किती आहे ते एका सावलीच्या लांबीत सांगायचं, अशी ही रीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिलं. त्यात पलभेला १०, ८ आणि १० च्या तृतीयांशाने गुणून दिनमानाचं गणित साधलेलं आहे. याच गणेश दैवज्ञांनी प्रतोदयंत्रही वर्णिलं. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारख्या काठीवर रेघा आखायच्या, वरून आडवी खुंटी काढायची आणि तिची सावली कुठवर उतरली ते पाहून वेळ वाचायची. हातात धरून चालता येईल असं ते सावलीचं घड्याळ.

आम्ही कोनमापक बाजूला ठेवला. पुठ्ठ्यावर १२ सेंटिमीटरचा पाया घेतला, टोकाला गुण्याने ४.६५ सेंटिमीटरची उभी रेघ काढली आणि तिरकी बाजू जोडली. तो तिरका कोन सुरतेचा. याच मापाने मावसभावाने प्लायवूडची त्रिकोणी फळी कापून आणली. कागदावरच्या 'म' बिंदूवर तिचं निमुळतं टोक ठेवायचं आणि उंच बाजू उत्तरेकडे करायची. मग तिची तिरकी कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते आणि रात्री ध्रुवताऱ्याकडे रोखलेली असते. फळीला जाडी असते, हे विसरून चालत नाही. जेवढी जाडी तेवढ्या अंतरावर बाराच्या दोन रेघा काढाव्या लागतात, कारण सकाळची सावली फळीच्या पश्चिमेकडच्या कडेची असते आणि दुपारनंतरची पूर्वेकडच्या.

साधी उभी काठी का नको, हेही पुतणीला सांगितलं. उभ्या काठीच्या सावलीची दिशा त्याच वेळेला ऋतूप्रमाणे बदलते. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने २६-२७ मे आणि १६-१७ जुलैच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तर दुपारची सावली दक्षिणेला पडते. आसाला समांतर असलेल्या कडेला याचं काही नाही. आषाढात असो की पौषात, तिची दहाची सावली दहाच्याच रेघेवर येते.

उत्तर शोधताना

इथे मी चूक केली. मोबाइलमधल्या होकायंत्राने उत्तर धरली, कागद चिकटवला, फळी बसवली. नोव्हेंबरच्या त्या दिवशी सुरतेचा खरा मध्यान्ह आमच्या हिशोबाने १२ वाजून २२ मिनिटांनी यायला हवा होता. त्या मिनिटाला सावली बाराच्या रेघेपासून बरीच दूर होती. घड्याळ पाऊण तासाने चुकत होतं.

गच्ची म्हणजे लोखंडी सळ्यांची जाळी असलेला स्लॅब. होकायंत्राची सुई तिथे चार अंश भरकटली होती. एवढ्याने पाऊण तास कसा, तर सुरतेच्या घड्याळात बारापासून एकपर्यंतच्या तासाला जागा फक्त साडेपाच अंशांची आहे. दुसरा तास संपतो ११.८ अंशांवर, तिसरा १९.९, चौथा ३२, पाचवा ५३.४ आणि सहावा थेट ९०. म्हणजे दुपारच्या वेळी उत्तर एका अंशाने चुकली की ११ मिनिटं गेली. लंडनला हाच तास जवळजवळ बारा अंश पसरतो. म्हणून विलायतेतल्या बागेचं पितळी छायायंत्र सुरतेत आणून सपाट मांडलं तर ते रोजच खोटं बोलेल. ते इथे चालवायचं तर दोन्ही गावांच्या अक्षांशांतला फरक, साधारण तीस अंश, पाचर लावून तिरकं करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी जुन्या वाटेने गेलो. शेजारच्या गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीकडून ओळंबा आणि पाणसळ मागून आणली. फरशी समतल आहे ना ते पाहिलं. १२ सेंटिमीटरचा खिळा ओळंब्यात उभा केला आणि त्याच्या पायाभोवती १५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. सकाळी दहाला काही मिनिटं कमी असताना सावलीचं टोक बाहेरून आत शिरलं. तिथे खूण केली. दुपारी तीनला नऊ-दहा मिनिटं असताना ते पुन्हा बाहेर पडलं, दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिचा कंपासने काढलेला लंबदुभाजक म्हणजे खरी उत्तर. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीची दिशा धरायला ही रीत दिलेली आहे. अरब ज्योतिर्विद तिला 'हिंदी वर्तुळ' म्हणत. नववीच्या भूमितीत लंबदुभाजक काढताना कंस कुठे छेदतात एवढंच आपण पाहतो. तो काढल्यावर पायाखाली उत्तर सापडते, हे कोणी दाखवत नाही.

दोन खुणांमधले पाच तास आम्ही गच्चीवर आळीपाळीने बसलो. खालच्या मजल्यावरच्या आजी कपडे वाळत घालायला आल्या. "काय करी राहिनात भाऊ?" त्यांनी विचारलं. वर्तुळ दाखवलं, तर त्यांनी मान डोलावली. सासरी ओसरीच्या खांबाची सावली कुठल्या फरशीला लागली की शेतात भाकरी धाडायची, हे त्यांना अजून आठवत होतं. गणित नव्हतं, कागद नव्हता, पण खांब होता, फरशी होती आणि रोजची नजर होती. छायायंत्राचा जन्म अशाच ओसरीवर झाला असला पाहिजे.

आपली वेळ

तिसऱ्या दिवशी १२ वाजून २२ मिनिटांनी सावली दोन बारांच्या मधोमध उभी राहिली. पुतणीने हातातलं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "पण मग आपलं घड्याळ बावीस मिनिटं मागे का?"

याला दोन कारणं आहेत. पहिलं कायमचं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सुरत आहे ७२.८३ वर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुरतेची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या साधारण ३८ मिनिटं ४० सेकंद मागे. दुसरं कारण ऋतूप्रमाणे बदलतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सरासरीच्या १६ मिनिटं पुढे असतो. म्हणून सावलीचं घड्याळ तेव्हा फक्त २२ मिनिटं मागे दिसतं. फेब्रुवारीच्या मध्याला तो १४ मिनिटं मागे पडतो आणि फरक जातो ५३ मिनिटांवर. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या चार तारखांच्या आसपास सूर्य आणि सरासरी यांचा हिशोब चुकता होतो आणि उरतो तो निव्वळ रेखांशाचा फरक. हे आकडे आम्ही तक्ता करून फळीच्या बाजूला चिकटवले.

ही ३८-३९ मिनिटं मराठी माणसाने एकदा मोठ्या हट्टाने जपली होती. मुंबई जवळजवळ सुरतेच्याच रेखांशावर आहे. तिची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती आणि तीच सुरतेचीही. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईने ती सुखासुखी घेतली नाही. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार वेळ बदलल्याच्या रागाने रस्त्यावर उतरले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'मुंबई टाइम' शहरात टिकून राहिला. गाड्यांना एक वेळ लागते, हे खरंच. पण कामगाराला भोंगा ऐकून उठायचं असतं आणि त्याच्या डोक्यावरचा सूर्य अजून वर आलेला नसतो, हेही तितकंच खरं. पाळीवरून आलेल्या मावसभावाने तो तक्ता वाचला आणि म्हणाला, "म्हणजे सकाळी सातला कारखान्यात शिरतो, तेव्हा आपल्या इथं अजून सात झालेलेच नसतात." दिवाळीच्या त्या दिवसांत सूर्याने साडेसहाच्या थोडंच पुढे पाऊल टाकलेलं असतं.

नदी आणि अक्षांश

सुरतेचं जुनं नाव सूर्यपूर असं सांगतात. शहरातून वाहणारी तापी ही सूर्याची लेक. संज्ञेला सूर्याचं तेज सोसेना, म्हणून ती आपली सावली मागे ठेवून निघून गेली. त्या सावलीचं नाव छाया, आणि छायेच्या पोटी आलेली मुलगी तापी. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा जन्मदिवस साजरा होतो. सूर्य आणि सावली यांच्या मुलीच्या काठावर बसून आम्ही सावलीने सूर्य मोजत होतो.

नकाशा उघडला तेव्हा या कथेहूनही मोठं काही दिसलं. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत समुद्राला मिळते. मुलताई २१.७७ अंशांवर, बऱ्हाणपूर २१.३१, भुसावळ २१.०५, सुरत २१.१७. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. ही जणू एक अक्षांश धरून सूर्याच्याच वाटेने चालते. याचा अर्थ आमच्या कागदासाठी फार सोपा होता. तास दाटतात किती आणि पांगतात किती, हे अक्षांश ठरवतो. म्हणजे सुरतेच्या गच्चीवर काढलेलं चित्र तापीच्या काठच्या प्रत्येक गावाला लागू पडतं. नागपूरचा अक्षांश २१.१५; तिथेही चालेल. बदलेल ती फक्त मध्यान्हाची घटका. मुलताईला सूर्य माथ्यावर आला की तो सुरतेच्या माथ्यावर यायला सुमारे २२ मिनिटं लागतात.

याच खोऱ्यात, गिरणेच्या बाजूला, चाळीसगावजवळ पाटण आहे. 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० साली पूर्ण करणाऱ्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. १२०७ सालचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. 'लीलावती'त सावलीच्या हिशोबाचा 'छायाव्यवहार' हा वेगळा भागच आहे. बारा अंगुळांचा शंकू, त्याची सावली आणि काटकोन त्रिकोण यांच्यावर त्या मठात मुलं डोकं खाजवत बसली असतील. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांची गावं तिथून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. हे घड्याळ या मुलांना कोणी परदेशी खेळणं म्हणून दाखवू नये. ते त्यांच्या खोऱ्यातलं आहे.

परत निघालो तेव्हा पुतणीने दुसऱ्या ड्रॉइंगशीटवर तेच चित्र स्वतः काढून, गुंडाळी करून माझ्या पिशवीत घातलं. आता तिला 'क' आणि 'ख' सांगावे लागले नाहीत. भुसावळला एका नातेवाइकांकडे मुक्काम होता. तिथल्या अंगणात पुन्हा खिळा, वर्तुळ, दोन खुणा. १३ नोव्हेंबरला बाराच्या सुमारास कागद मांडला, पुठ्ठ्याची त्रिकोणी फळी उभी केली आणि सुरतेला फोन लावला. पुतणी गच्चीवर होती.

१२ वाजून ११ मिनिटांनी भुसावळच्या अंगणात सावली बाराच्या रेघेवर आली. "आली," मी सांगितलं. "तुझ्याकडे?"

"नाही अजून. अलीकडेच आहे."

फोन चालू ठेवला. मध्ये कोणी फारसं बोललं नाही. तिच्या बाजूने लूमचा खडखडाट ऐकू येत होता, माझ्या अंगणात चिमण्या होत्या. माझ्या कागदावर सावली बाराची रेघ ओलांडून एककडे सरकू लागली होती. सूर्य तापीच्या काठाने पश्चिमेला निघाला होता. जळगाव, अमळनेर, नंदुरबारच्या माथ्यावरून एकेक मिनिट पुढे जात होता. त्या प्रत्येक गावात त्या क्षणी एखाद्या खांबाची सावली आखूड होऊन पुन्हा लांबायला लागली असणार, कोणी पाहो न पाहो.

बारा मिनिटं झाली.

"काका," ती म्हणाली, "आली."